ढेपेचं पोतं आणि अकरा अंडी

पहाटे पावणेपाच

घड्याळाच्या आधी म्हैस जागी होते. ती ओरडत नाही, गळ्यातली साखळी गव्हाणीच्या दगडावर घासत राहते. तो आवाज भिंतीतून माझ्या उशीपर्यंत येतो. पौष महिना आहे, संक्रांत चार दिवसांवर आली आहे. बुऱ्हाणपूरजवळच्या आमच्या शाहपुरात उन्हाळा माणसाला भाजून काढतो, पण या दिवसांतली पहाट बोटं वाकू देत नाही. चूल पेटवून पाणी कोमट करायचं, त्यातलं निम्मं म्हशीच्या कासेसाठी आणि निम्मं माझ्या हातांसाठी. थंड हात सडाला लागला की ती पाय झाडते आणि दूध वर ओढून धरते.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या आधी गोठ्यात पोचलेल्या असतात. वय सत्तरीच्या पुढे, गळ्यात तुळशीची माळ, तोंडात मुक्ताबाईचं नाव. त्या पारडू सोडतात. पारडू चारही सडांना तोंड लावतं, कासेला ढुशा देतं, आणि दोनेक मिनिटांनी सड टवटवीत होतात. गाईपेक्षा म्हैस पान्हा सोडायला वेळ लावते, घाई करून चालत नाही. मग पारडू ओढून समोर बांधायचं म्हणजे ते तिच्या नजरेसमोर राहतं. कास पुसायची, पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर सोडायच्या आणि कंदिलाच्या उजेडात बघायच्या. गुठळी दिसली तर दगडीची, म्हणजे कास सुजायची, सुरुवात. आज धार स्वच्छ होती.

मी अंगठा आत दुमडून पिळायची, माहेरी तसंच बघितलं होतं. त्याने सडाला आतून इजा होते हे मला उशिरा कळलं. आता पूर्ण मुठीने पिळते. मनगट दुखतं, पण म्हैस शांत उभी राहते. चरवीत धार पडते तेव्हा आधी पत्र्याचा आवाज येतो, मग दुधावर दूध पडल्याचा, मग फेसात बुडालेला. कान सरावले की किती दूध निघालं हे न बघताच कळतं. सकाळचं तीन लिटर.

चरवीतून पहिलं लिटरभर घरच्या पातेल्यात ओतते, डेअरीच्या कॅनमध्ये जातं ते उरलेलं. म्हैस आली त्या पहिल्या वर्षी मी उलटं करायचे. सगळं दूध डेअरीला, कारण हप्ता होता. घरात म्हैस आणि पोरं कोरा चहा पितात, असं तब्बल सात महिने चाललं. आत्याबाई एक दिवस एवढंच म्हणाल्या, "बाई, दावणीला म्हैस कुणासाठी बांधली गं?" त्या दिवसापासून पहिलं लिटर घराचं आहे. संध्याकाळचं पहिलं लिटरही.

सहा

डेअरीवर रांग. यंत्रात दुधाचा थेंब जातो, फॅट कागदावर छापून येतं, त्यावर भाव ठरतो. आज ६.८. लिटरला बावन्न रुपये पडले. हेच दूध पिशवीतून घ्यायचं म्हटलं तर सत्तरच्या आसपास. १ मे २०२५ ला अमूलने लिटरमागे दोन रुपये वाढवले, त्याआधी जून २०२४ मध्ये दोन वाढवले होते, आणि २०२२ ते २०२३ च्या सुरुवातीपर्यंत चार वेळा. दुकानातला भाव वाढतो तसा आमचाही थोडा वाढतो, पण ढेपेचा त्याहून जास्त वाढतो. याचा हिशेब रात्री मांडायचा आहे, कारण रात्री घरात एक निर्णय व्हायचा आहे. दुसरी म्हैस कर्जावर घ्यायची की नाही.

इथलं बरंचसं दूध बुऱ्हाणपूरला जातं, आणि तिथे खवा होतो. बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी खायला इंदूरहून लोक येतात. आमच्या पोरांनी ती वर्षातून दोनदा खाल्ली तर खूप.

साडेसात

हे साडेसहालाच मोटरसायकलने बुऱ्हाणपूरला गेले. पॉवरलूमवर बारा तासांची पाळी असते. कापड मीटरवर मोजतात, मजुरीही मीटरवर, आणि त्या मजुरीने महागाईच्या मागे धावायचं कधीच सोडलंय. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनची लढाई सुरू झाली आणि मार्चमध्ये आमच्या किराणावाल्याने तेलाची पिशवी पुढे करताना माझ्याकडे बघायचं टाळलं. त्या महिन्यात मी पहिल्या चार कोंबड्या घेतल्या. पुढच्या वर्षी जूनपासून लाडली बहना योजनेचे महिना हजार रुपये खात्यात यायला लागले. पहिले चार हप्ते हात न लावता साठवले आणि एक गावरान पाट, म्हणजे तरणी बकरी, आणली. आज तिची तिसरी पिढी अंगणात उड्या मारतेय.

खुराडं उघडण्याआधी एकेक कोंबडी हातात घेऊन मागून बोटाने चाचपायची. अंडं आलेलं असेल तर कवच बोटाला कडक लागतं. ती कोंबडी दिवसभर डालग्याखाली राहते, नाहीतर ती शेजारच्या कडब्याच्या गंजीत अंडं घालून येते आणि ते मुंगसाला मिळतं. चौदा कोंबड्यांपैकी आज पाच अंड्यावर. थंडीत बरं असतं, मे महिन्यात दोन दिवसांत एक निघालं तरी समाधान मानायचं.

बाकीच्या सुटल्या की थेट उकिरड्यावर. त्यांना मी दिवसाला चारशे-सव्वाचारशे ग्रॅम भरड देते, फुटकी ज्वारी, मका, कण्या. दहा रुपयांचा माल. उरलेलं पोट त्या स्वतः भरतात, शेणातले किडे, गांडुळं, गवताचं बी, भाताची खरड, भाजीची देठं. घरात टाकून द्यायचं म्हणून जे उरतं ते त्यांचं जेवण. म्हणून त्यांचं अंडं स्वस्त. सगळं खाद्य दुकानातून आणून घातलं तर तेच अंडं आठ रुपयांच्या पांढऱ्या अंड्याहून महाग पडेल.

नऊ

पोरांना भाकरीबरोबर एकेक अंडं. मोठी आठवीत, धाकटा तिसरीत. दोघंही हिंदी शाळेत शिकतात आणि घरी येऊन मराठीत भांडतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने माणशी वर्षाला १८० अंडी सांगितली आहेत. देशात २०२३-२४ मध्ये माणशी १०३ अंडी पिकली, आणि ती सरासरी आहे, म्हणजे कुणाच्या तरी ताटात तीनशे आणि कुणाच्या ताटात शून्य. हे आकडे मी वाचले तेव्हा वहीत आमचं घर मांडून बघितलं. गावरान कोंबडी वर्षाला साठ ते सत्तर अंडी देते. पासष्ट धरली तर चौदा कोंबड्यांची ९१० होतात. आत्याबाई माळकरी, त्या अंड्याला हात लावत नाहीत. राहिलो चौघं, चौघांना १८० प्रमाणे ७२०. उरली १९०, त्यात पिलं काढायची, दोडक्याच्या वेलासारखं कोंबड्यांचं घराणं चालू ठेवायचं. म्हणजे बसतं. पण एकही विकलं नाही तरच बसतं.

आणि विकायचा मोह रोज होतो. गावरान अंड्याला बारा ते पंधरा रुपये मिळतात, बुऱ्हाणपूरची गिऱ्हाइकं दारात येतात. मागच्या हिवाळ्यात मी सलग दोन महिने विकली आणि त्या पैशात बिस्किटं आणि पांढरी पाव-लादी आणली. वहीत बघितल्यावर मला रडू आलं. तेव्हापासून सहा दिवस घरची आणि रविवारची अंडी विक्रीची.

अंगणवाडीत अंडं मिळेल अशी आशा आम्ही बायकांनी सोडून दिली आहे. मध्य प्रदेशात २०१५ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी अंगणवाडीतल्या अंड्यांना नकार दिला. मध्ये आलेल्या दुसऱ्या सरकारने द्यायचं ठरवलं होतं, तेही राहिलं. इच्छापूर ओलांडलं की महाराष्ट्र. तिथल्या शाळांत २०२३ च्या शेवटी आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचे सरकारी पैसे थांबले. ज्याला खायचं नाही त्याने खाऊ नये, माझ्याच घरात माळ आहे आणि तिचा मान आहे. आत्याबाई स्वतः खुराड्याची राख काढतात, पिलांना कण्या टाकतात, आणि नातवाच्या ताटात अंडं पडलं की तोंड फिरवत नाहीत. ज्या लेकराच्या घरी ना खुराडं ना पैसा, त्याच्या ताटात ते पडायला हवं होतं.

साडेदहा

बकऱ्यांना घेऊन शेताकडे. तीन मोठ्या, एक बोकड, आणि अकरा दिवसांची जुळी करडं घरी टोपल्याखाली. करडांना जन्मल्यावर पहिल्या तासाभरातच चीक पाजला होता. कोणी म्हणतं, वार पडेपर्यंत पाजू नये. असं ऐकून मी पहिल्या वेताचं एक करडू घालवलं आहे. तो चीक त्यांच्या अंगात आईची सगळी राखण घेऊन जातो, त्याला उशीर चालत नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी. 'एक जिल्हा एक उत्पादन' मध्ये बुऱ्हाणपूरचं नाव केळीनेच लागलं आहे. आमच्या मालकीची केळी नाही, पण केळीच्या गावात राहायचा फायदा आहे. केळीच्या खांबाला एकदाच घड लागतो. घड उतरला की खांब कापून बांधावर टाकतात, आणि पानं तर कापणीच्या दिवशी ढिगाने पडलेली. कापणीवाल्या मुकादमाला विचारायचं, "भाऊ, हे नेऊ का?" तो म्हणतो, "न्या ना ताई, तेवढाच आमचा बांध मोकळा." दोन भारे मी आणि एक भारा शेजारची काकू.

केळीच्या पानावर मात्र सगळा भार टाकता येत नाही. खांबात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी आहे, आणि पानातही बरंच. नुसतं घातलं तर बकरीला हगवण लागते आणि अंगावर काही दिसत नाही. म्हणून बरोबर तुरीचं कुटार. आत्ता जानेवारीत तुरी निघतायत. शेंगा झोडपल्या की शेंगांची टरफलं, वाळली पानं, बारीक काड्या असा जो ढीग उरतो तो कुटार. बकरीला याहून आवडतं खाणं नाही. तुरी झोडपायला मी चार दिवस मजुरीने गेले आणि दोन दिवसांची मजुरी पैशाऐवजी कुटारात मागितली. शेतकऱ्याला आश्चर्य वाटलं. सहा पोती मिळाली, ती पत्र्याखाली कोरडी ठेवलीत. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत पुरतील.

कपाशी वेचून झालेल्या रानात बकऱ्या सोडतात. आधी मालकाला शेवटची फवारणी कधी केली हे विचारायचं, मगच. महिना उलटला नसेल तर मी दोरी सोडत नाही. बांधावर बाभळीच्या शेंगा पडल्यात, त्या बकऱ्या दाताने उचलून कडाकडा फोडतात. बोर, सुबाभूळ, चिंचेचा पाला. बकरी एका झाडाशी थांबत नाही, दोन घास इथले, दोन तिथले. चारणाऱ्यानेही तिच्यासारखंच चालायचं. या चालण्यात माझे दोन तास जातात आणि खिशातून एक रुपया जात नाही. या दोन तासांची मजुरी मी वहीत लावत नाही, पण ते दोन तास माझे गुडघे लिहून ठेवतात.

मोठीला मी बकऱ्यांच्या मागे पाठवत नाही. शेजारच्या तीन घरांत मुली सहावी-सातवीत शाळा सोडून बकऱ्या राखतायत. घरात बकरी आली की दोरी पहिल्यांदा मुलीच्या हातात जाते. मी आत्याबाईंना आणि ह्यांना बकरी आणायच्या आधीच सांगितलं होतं की माझ्या मुलीच्या हातात दोरी गेली तर त्याच दिवशी बकऱ्या बाजारात. एकदाही तशी वेळ आली नाही.

एक ते तीन

जेवण, भांडी, गोवऱ्या. शेणाचा एक वाटा गोवऱ्यांना, दोन वाटे खड्ड्याला. गॅसची टाकी आमच्याकडे अडीच महिने पुरते ती या गोवऱ्यांमुळे.

भांडी घासताना काकू भिंतीपलीकडून म्हणाली, "रविवारी लस आणायचीय ना गं? किती झाल्या तुझ्या?"

मागच्या फाल्गुनात मानमोडी आली होती. इंग्रजीत वेगळं नाव असेल, सरकारी कागदावर रानीखेत लिहितात, पण ज्याने कोंबडीची मान उलटी फिरलेली बघितली त्याला मानमोडी म्हटल्यावर दुसरं काही सांगावं लागत नाही. तेवीस कोंबड्या होत्या. पहिल्या दिवशी दोन सुस्त, हिरवट हगवण. दुसऱ्या दिवशी एका कोंबडीने मान पाठीवर टाकली आणि गोल गोल फिरायला लागली. चौथ्या दिवशी चार उरल्या. औषध नसतं याला, लागण झाल्यावर कुणी डॉक्टर काही करू शकत नाही. मी एकोणीस कोंबड्या चुना टाकून खड्ड्यात पुरल्या. धाकट्याने त्याच्या लाल कोंबड्याला नाव ठेवलं होतं, त्याला वेगळा खड्डा हवा होता. काढून दिला.

लस स्वस्त आहे, पण बाटली शंभर पक्ष्यांची मिळते. माझ्याकडे तेवीस होत्या, म्हणून मी म्हटलं होतं, पुढच्या वेळी बघू. फोडलेली बाटली दोन-तीन तासांत संपवावी लागते, तोवर बर्फावर ठेवायची, उन्हाचा कवडसाही नको. एका घराला ते जमत नाही. आता आम्ही सहा घरांनी एक दिवस ठरवला आहे. सगळ्यांच्या मिळून ऐंशी-नव्वद कोंबड्या. आदल्या रात्री सगळ्या कोंडून ठेवायच्या, सकाळी एकीने थर्मासमध्ये बर्फ आणि बाटली घेऊन घरोघर जायचं. सात दिवसांच्या पिलाच्या नाकात किंवा डोळ्यात लासोटाचा एक थेंब, आठ आठवड्यांच्या पुढे पंखाखाली सुई. सुई टोचायचं पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसाने दोघींना शिकवलं. बकऱ्यांना पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस असते, तीही आता एकत्रच. जनावर आजारी पडलं तर १९६२ वर फोन करता येतो, गाडी येते. पण मानमोडीला फोन करायला वेळच नसतो.

देशातल्या २०१९ च्या पशुगणनेत परसातल्या कोंबड्या ३१ कोटी ७० लाख भरल्या, सात वर्षांत जवळजवळ ४६ टक्के वाढ. इतक्या अंगणांत कुणीतरी बाई डालगं उचलून अंडं शोधतेय. त्यांच्यापैकी किती जणींना शंभराची बाटली कुणाबरोबर वाटून घ्यायची हे सुचलं असेल, असं मला रोज वाटतं. माझ्या हाताशी गाव होतं तरी एकोणीस मेल्यावर सुचलं.

साडेतीन

व्यापारी आला. बुऱ्हाणपूरहून दर पंधरवड्याला येतो, आमच्याशी हिंदीत बोलतो, आत्याबाईंना अम्मा म्हणतो. बोकडाच्या पाठीवर हात ठेवला, कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस बोटांत धरून दाबलं, तोंड उघडून दात बघितले. "दो दाँत हो गए. भाभी, बाईस किलो का माल है. साढ़े आठ हज़ार ले लो, अभी नक़द."

पूर्वी मी हाताच्या अंदाजावर विश्वास ठेवायचे, व्यापाऱ्याच्या हाताच्या. आता घरात लोंबता काटा आहे, चारशे रुपयांचा. आडव्या बल्लीला तो लावला, बोकडाच्या पोटाखालून गोणपाट घेऊन उचललं. धाकट्याने आकडा वाचला. सत्तावीस किलो.

व्यापारी हसला, रागावला नाही. "चलो, दस हज़ार."

जिवंत वजनाला तीनशे ऐंशी धरला तरी दहा हजार दोनशे साठ होतात. पण मी आज विकणार नव्हते. बकरी ईद मे महिन्याच्या शेवटी आहे. बुऱ्हाणपूर शहरात निम्मी वस्ती मुसलमानांची. कुर्बानीला वर्षाच्या वरचा, निर्दोष, दोनदाती बोकड लागतो, आणि त्या पंधरा दिवसांत भाव वेगळाच असतो. तोवर तो आणखी पाच-सहा किलो भरेल, तेही बांधावरच्या पाल्यावर आणि मजुरीच्या कुटारावर. व्यापाऱ्याला मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "तो फिर ईद पे मुझको ही देना." दिलाच तर त्यालाच, तो वजनाला तोंड फिरवत नाही.

एक बोकड म्हणजे आमच्या घराचं वर्षाचं तेल आणि वर थोडी डाळ. आम्ही घरचा बोकड खात नाही. मला जमत नाही, पोरांना तर मुळीच नाही.

सहा

संध्याकाळची धार. पुन्हा तीन लिटर, पुन्हा पहिलं लिटर घराचं. आत्याबाई आज धार काढताना जुन्या निमाडी बैलजोडीबद्दल बोलत होत्या, तांबडी, अंगावर पांढरे शिंतोडे, हाक मारली की विहिरीपासून चालत यायची. त्यांच्या सासऱ्यांच्या काळात दावणीला नऊ जनावरं होती आणि ढेप विकत आणावी लागते हे कुणाला माहीत नव्हतं. घरची सरकी, घरचा कडबा, घरची तूर. शेत विकलं गेलं आणि दावण उरली. मग दावणीचं पोट बाजाराने भरायला घेतलं.

मला त्या हे सहज सांगत होत्या, पण रात्रीच्या बोलण्याचं उत्तर मला तिथेच मिळालं.

साडेआठ

हे आले, हातपाय धुतले, कानात अजून लूमची खडखड. जेवताना विषय काढला. कर्ज मिळतंय, ओळखीचा माणूस म्हैस दाखवतोय, आठ लिटरची. "दोन म्हशी झाल्या की माझी ही बारा तासांची पाळी तरी सुटेल," ते म्हणाले. ते थकलेत हे मला दिसतं. त्यांचं म्हणणं मी हलकं घेत नाही.

मी वही आणली. "अहो, आधी पहिल्या म्हशीचं बघू."

ढेपेचं पन्नास किलोचं पोतं दोन हजारांच्या घरात. म्हैस दिवसाला तीन किलो खाते, एकशेवीस रुपये. कडबा पन्नासचा, मीठ आणि खनिज मिश्रण दहाचं. दुधावर असताना दिवसाला एकशे ऐंशी. आज सहा लिटर देते, पण वेत सरत आलं की तीनवर येईल. तीनशे दिवसांची सरासरी साडेचार लिटर, आणि तेव्हा ढेपही थोडी कमी करतो म्हणून सरासरी खर्च एकशे पासष्ट. घरचं दूध पिशवीच्या भावाहून थोडं कमी धरून, त्यात डेअरीचं मिळवून, दिवसाला दोनशे साठ रुपयांचं. रोजचे पंचाण्णव सुटले. तीनशे दिवसांचे साडेअठ्ठावीस हजार. मग ती आटते. पुढचं वेत येईपर्यंत साडेचार महिने ती एक थेंब देत नाही आणि दिवसाला एकशेदहाचं खाते, ते झाले पंधरा हजार. उरले साडेतेरा हजार, चौदा-साडेचौदा महिन्यांचे. दिवसाला तीस-बत्तीस रुपये. त्यात दोन बायकांचे रोजचे चार तास, डॉक्टर वेगळा. आणि कर्जाचा हप्ता यात धरलेला नाही.

"म्हणजे म्हैस तोट्याची?" त्यांनी विचारलं.

तोट्याची नाही. तिच्यामुळे पोरांना रोज दूध, आत्याबाईंना ताक, सणाला तूप. एक म्हैस घराची आहे, तिला मी सोडणार नाही. पण तिचं पोट ढेपेच्या दुकानात अडकलंय. जी महागाई आम्ही किराणा दुकानात चुकवतो ती ढेपेच्या पोत्यात बसून घरी येते. दुसरी म्हैस घेतली तर ती दुप्पट येईल आणि बरोबर बँकही येईल. कोंबडी घरातलं उरलेलं खाते, बकरी बांधावरचं आणि मजुरीच्या कुटाराचं. त्यांच्यामागे दुकान नाही. दोन बकऱ्या वाढवता येतील, तेवढ्या पाल्याचा मला अंदाज आहे. पाच वाढवल्या तर पाला कमी पडेल आणि बकरीही ढेपेवर येईल. तिथे थांबायचं.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझी पाळी मग तशीच."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बोकडाच्या पैशाने तेल येतं, पॉवरलूमची मजुरी वाढत नाही. मी त्यांच्या ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. त्यांनी तो अर्धा मोडून धाकट्याला दिला.

साडेनऊ

काळी कोंबडी तीन दिवसांपासून खुडूक आहे. डालग्यातून उठत नाही, पिसं फुलवून बसते, हात नेला की चोच मारते, गळ्यातून खोल आवाज काढते. आज रात्री तिला रवणाला बसवायचं. दिवसा बसवली तर उठून पळते, रात्री अंधारात बसवली की सकाळपर्यंत अंडी तिची होतात.

जुन्या टोपलीत खाली राख, त्यावर कडुलिंबाची वाळली पानं, म्हणजे पिसवा होत नाहीत, त्यावर भाताचं तणस. गेल्या आठ दिवसांतली अंडी मी टोक खाली करून धान्याच्या डब्यात ठेवली होती. कंदिलापुढे एकेक धरून बघितलं, तडा गेलेली दोन बाजूला काढली, ती उद्या पोरांना. मोठीने कोळशाने प्रत्येक अंड्यावर बारीक फुली मारली. दुसरी कोंबडी मध्येच येऊन तिथे अंडं घालून गेली तर ते फुलीवरून ओळखू येईल.

अकरा अंडी. थंडी आहे, तेरा अंड्यांना ऊब देणं तिच्या अंगाला पेलणार नाही, असं आत्याबाई म्हणाल्या. त्या अंड्याला हात लावत नाहीत, पण टोपली त्यांनीच धरली होती. मी कोंबडीला दोन्ही हातांत घेऊन वरून सोडलं. ती क्षणभर उभी राहिली, पायाने एक अंडं आत सरकवलं, मग हळूहळू पंख पसरत बसली. अकराही झाकली गेली.

मोठीने कालनिर्णयावर एकवीस दिवस मोजले आणि ३१ जानेवारीच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलं, "काळी."

मी कंदील बारीक केला. गोठ्यातून साखळी दगडाला घासल्याचा आवाज आला. म्हैस अजून जागी होती, तिच्यापुढे थोडा कडबा टाकला.